ठेवलेलं नाव

“मामाचं नाव ग्रीक आहे, आजी. तुला माहितीये?” जाई म्हणाली, आणि मथुराबाईंचं तांदळात फिरणारं बोट थांबलं.

दुपार होती. समुद्रापलीकडच्या त्या बेटावर, बिशान वस्तीतल्या उंच मजल्यावरच्या घरात जेवणं आटोपून भांडी ओट्यावर पालथी पडली होती आणि आतल्या खोलीत संजीवनी, त्यांची लेक, औषध घेऊन झोपली होती. तिचं पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून तर मथुराबाई साताऱ्याहून इथे आल्या होत्या. एरवी लेकीच्या घरचं पाणी घशाखाली उतरायलाही त्यांना विचार करावा लागे. आता लेक हिंडूफिरू लागली होती. येत्या आदितवारी परतीचं विमान होतं, आणि गुडघ्यांचं पाहता हे विमान शेवटचंच, असं डॉक्टरांनी म्हणायच्या आत त्यांनीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, म्हणजे कुणी कीव करायला नको. मांडीवर थाळी, थाळीत तांदूळ. इथल्या तांदळात खडा नाही, साळ नाही, काडी नाही. पिशवी फोडावी आणि सरळ धुवावा. तरी त्या रोज निवडत बसत. ज्या धान्यात काही सापडतच नाही त्या धान्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

“कुणाचं नाव म्हणालीस?” त्यांनी विचारलं. कळलं नव्हतं असं नाही.

“मिलिंदमामाचं. दुसरा कुठला मामा आहे मला?” जाईनं लॅपटॉपवरून मान वर केली नाही. संजीवनीची ही एकुलती एक, इथल्याच कॉलेजात जाते, खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसते आणि बोलताना मधेच इंग्रजीत उडी मारते. तिच्या आईबापांनी ते नाव या घरात असं मोकळं कधी टाकलं नसतं. मथुराबाई समोर असल्या की संजीवनी ‘दादा’ म्हणे, तेही दबकत. आणि जावई विश्वासराव, ज्यांना गप्प बसण्याचा रोग नाही, तेसुद्धा ‘बुकित बातोकला फोन झाला’ एवढंच म्हणत, जणू त्या वस्तीनंच फोन उचलला. ऐकायची काही बंदी नव्हती. घ्यायचीच होती, आणि तीही फक्त एका तोंडाला. पण नाव असं अचानक पडलं की भांडं पडल्यासारखं होतं. पडून गेल्यावरही फरशी थोडा वेळ वाजत राहते.

त्या तोंडाला सवय जुनी होती. नवऱ्याचं नाव रविकांत. लग्न झाल्या दिवसापासून ते कधी घेतलं नाही, आणि नावातला रवी चुकून निघू नये म्हणून रविवारलाही आदितवार म्हणत आल्या. इथल्या बायका हसतात. हसू देत. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली तरी आदितवारचा रविवार झाला नाही. नवऱ्याचं नाव मानानं घेतलं नाही, मुलाचं रागानं. पण तोंडाला काय, त्याला मान आणि राग यांतला फरक कळत नाही. त्याला एवढंच कळतं की इथे एक दात पडलाय आणि जीभ सारखी तिथेच जाते. शिवाय नवऱ्याचं नाव घ्यायला निदान उखाणा असतो. चार बायकांत, हळदीकुंकवाला, यमकाच्या पदराआड लपून ते एकदा ओठांवर आणता येतं. मुलाच्या नावाला उखाणा नसतो.

“ग्रीक म्हणजे कुठले?” त्यांनी विचारलं.

“युरोपच्या साइडला. खूप लांब. आम्हाला नावांवर लिहायचंय कॉलेजमध्ये, एक नाव घ्यायचं आणि ते कुठे कुठे गेलं ते शोधायचं. मी म्हटलं मामाचं घेऊ. मूळ नाव मेनान्द्रोस. त्या नावाचा एक राजा पंजाबात राज्य करत होता, दोन हजार वर्षांपूर्वी, जास्तच. आपल्या लोकांच्या तोंडात मेनान्द्रोस बसेना. घासून घासून मिलिंद झालं.”

“म्हणजे यवन.”

“हां, एक्झॅक्टली. यवन.”

लहानपणी देवळात कीर्तनकार यवन म्हणाला की पुढे गाव लुटलं जायचंच. मथुराबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या. त्यांचा इतिहास तिथेच, देवळाच्या खांबाला टेकून झालेला. त्यांनी थाळीतल्या तांदळाला उगाच एक वळसा दिला. भरल्या घागरीखालची चुंबळ सरकावी तसं काहीतरी झालं होतं, आणि पाणी अजून सांडलं नव्हतं इतकंच. कारण जे काही झालं होतं ते सगळं याच एका शब्दावरून झालं होतं.

नात झाली तेव्हा फोन आला होता. नाव थालिया. बारसं नाही, आत्याला बोलावणं नाही, कानात कुर्र नाही. पोर पुरती डोळे उघडायच्या आत कचेरीत नाव नोंदवून मोकळे. मथुराबाईंनी महिनोन्‌महिने आधी नाव काढून ठेवलं होतं, वेणू, ते कुणी विचारलंसुद्धा नाही. साताऱ्याच्या घरात तेव्हा चार बायका पापड लाटत बसल्या होत्या. त्यांच्या देखत त्या फोनात म्हणाल्या, “थालिया? म्हणजे थाळीच की. दुसरी झाली तर वाटी ठेवा, मुलगा झाला तर पेला. पंगत बसवता येईल.” बायका लाटणी टाकून हसल्या होत्या. त्या हसण्याची ऊब अजून आठवते. आपल्या जिभेला आलेली दाद कुणाला नको असते. पलीकडे फोन मोठ्या आवाजावर ठेवलाय, शेजारीच ऋता, सून, ओली बाळंतीण, पोर छातीशी घेऊन बसलीय, हे नंतर कळलं. मग तो म्हणाला, अगदी हळू, “आई, माझ्या मुलीच्या नावाला नावं ठेवायची नाहीत.” त्या म्हणाल्या, “नावं ठेवू नको तर नाव नीट ठेवा. कुठल्या यवनाचं, म्लेंच्छाचं नाव माझ्या नातीला?” “मग राहू दे.” “राहू दे तर राहू दे. तुझंही नाव आता या तोंडात यायचं नाही.” दहा वर्षं होत आली. बोललेलं पाळणं एवढीच इस्टेट असते काही माणसांची.

आणि आता ही पोरगी म्हणते की म्लेंच्छाचं नाव त्यांनीच आधी ठेवलं होतं. स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या हट्टानं.

“बघ, त्याचं कॉइन,” जाईनं लॅपटॉप फिरवला. एक चेपलेलं रुप्याचं नाणं, त्यावर एका बाजूनं काढलेला चेहरा, सरळ नाक, कपाळाला पट्टा, केसांच्या बटा मानेवर. मथुराबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. नाक ओळखीचं वाटलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. अशी तर काय ढगातही नाकं दिसतात. “हा राजा,” जाई म्हणाली. “पण त्याच्याही आधी एक मेनान्द्रोस होता, अथेन्समध्ये, नाटकं लिहायचा. फॅमिली ड्रामा. तापट म्हातारे, रुसलेली मुलं, हरवलेली मुलं. शेवटी सापडतात, सगळे जेवायला बसतात.”

“तेव्हापासून तेच चाललंय म्हणजे.”

“आणि नंतर पण होते. एक इतिहास लिहिणारा होता, राजाच्या पहाऱ्यावर नोकरी करायचा. हजार वर्षं ते नाव कुणी ना कुणी ठेवतच होतं. मग तिकडे बंद पडलं आणि आपल्याकडे चालू राहिलं. आईच्या वर्गात म्हणे तीन मिलिंद होते. इमॅजिन, आजी. साताऱ्यात तीन ग्रीक, अर्ध्या चड्डीत.” ती स्वतःशीच हसली. “आणि हे ऐक. राजा मेला तेव्हा त्याची राख कुणी न्यायची यावरून गावागावांत वाद झाला. शेवटी सगळ्यांनी वाटून घेतली.”

“जिवंत होता तेव्हा कुणी जेवायला बोलावलं होतं का त्याला?” मथुराबाई म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांना ते वाक्य कुणाला लागलं ते कळलं. त्या खाली मान घालून तांदूळ निवडू लागल्या.

परवाच, भाजी चिरताना, संजीवनीनं निरोप पोचवला होता. दादा म्हणतो, आईनं एकदा नाव घेऊन हाक मारावी. फोनवर मारली तरी चालेल. असेन तसा येतो. “हाक मारायला मी काय गुरं वळते?” मथुराबाई म्हणाल्या होत्या. संजीवनी म्हणाली, “एवढंच मागतोय गं आई.” “ज्याला मागायचंय त्यानं दारात यावं.” लेक पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली, आणि कोथिंबिरीच्या जुडीला म्हणाली, “तुम्ही दोघं एकाच मातीची ढेकळं.” म्हणजे गोष्ट सोपी होती. तीन अक्षरं. आदितवारच्या आत ती तोंडातून निघाली तर निघाली, नाहीतर विमानात बसून पाठीमागे समुद्र टाकायचा, आणि मग साताऱ्याच्या घरात त्या तीन अक्षरांचं काय करायचं ते करायचं. रात्री उशाला घेऊन झोपायची, की तोंडात ठेवून मरायचं.

तांदळावर बोट फिरत होतं. बोटामागून थाळीचं पितळ उघडं पडत होतं आणि रेघ पुन्हा बुजत होती. अशाच एका थाळीत, लग्नाच्या दिवशी, पाटावर बसून, रविकांतरावांनी सोन्याच्या अंगठीनं तांदळात रेघा ओढल्या होत्या. मथुराबाईंचं माहेरचं नाव यमू. घुंगट नव्हता पण मान इतकी खाली होती की थाळीशिवाय काही दिसत नव्हतं. तांदूळ बाजूला सरत गेले, अक्षरं उमटली, आणि सगळ्यांनी वाचलं, मथुरा. वाचता येत होतं तेवढं त्यांनाही आलं. म, थु, रा. अक्षरं वळणदार होती, नावही वाईट नव्हतं, पण कुणी विचारलं नव्हतं. मग तेच तांदूळ कुणीतरी गोळा करून डब्यात टाकले आणि त्यांचा दुसऱ्या दिवशी भात झाला असणार. त्या रात्रीपासून यमू माहेरी गेली की जिवंत व्हायची आणि एसटीत बसली की मरायची. आई गेली, मग दोघं भाऊ गेले. यमू म्हणून हाक मारणारं शेवटचं माणूस गेलं तेव्हा यमूही गेली असणार, पण तिचं सुतक कुणी पाळलं नाही. त्यांनीसुद्धा नाही. म्हणून पहिला मुलगा झाला तेव्हा त्यांनी दात आवळून ठरवलं होतं की याचं नाव मी ठेवीन. नणंदेनं मुकुंद काढलं होतं, सासऱ्यांना दत्तात्रय हवं होतं. मथुराबाई म्हणाल्या, स्वप्नात आलंय, मिलिंद. स्वप्नापुढे कुणाचं काही चालत नाही.

स्वप्नात काही आलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात कांबळे सिस्टर होती, तिनं सांगितलं होतं. उंच, काळी, पांढऱ्या टोपीखाली केस घट्ट बांधलेले. रात्रभर कळा देताना तिचाच हात धरला होता; त्या हाताचं पाणी सासूबाईंनी घरात चालू दिलं नसतं, आणि मथुराबाई तर तिच्याच हातचं गूळपाणी घटाघटा प्यायल्या होत्या. पहाटे पोर पुसून कुशीत देताना सिस्टर म्हणाली, मिलिंद ठेवा बाई. मोठा राजा होऊन गेला. कुणालाही प्रश्न विचारायला भ्यायचा नाही, आणि उत्तर पटलं तर मान लववायलाही लाजायचा नाही. मी शिकले ना औरंगाबादला, बाबासाहेबांनी त्या नावाचं कॉलेज काढलंय. मथुराबाईंनी ते नाव पदराला गाठ मारून घरी आणलं आणि कुठून आणलं ते कधी सांगितलं नाही. राजा कुठला, हे त्यांनी विचारलं नाही आणि सिस्टरनं सांगितलं नाही. बारशानंतर रविकांतरावांनी शाळेतून शब्दकोश आणून पाहिला, तर म्हणे, मिलिंद म्हणजे भुंगा. सासूबाई ओसरीवरून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “वंशाला दिवा मागितला, तर आमच्या सुनेनं किडा आणला.” बायका हसल्या होत्या. तिथेही बायका होत्याच. आतल्या अंधाऱ्या खोलीत शेकशेगडीशेजारी मथुराबाई, एकोणीस वर्षांच्या, पोराला छातीशी घेऊन ऐकत होत्या, आणि त्यांना आठवतं की पोर ओढत होतं, ओढत होतं, आणि दूध येईचना. दोन दिवस आलं नाही. कांबळे सिस्टर चोरून परसदारी आली आणि तिनं शतावरी दिली.

आता इतक्या वर्षांनी, या खडा नसलेल्या तांदळाच्या देशात, वाळलेल्या छातीत तीच ओढ एकदम कळली, सुईसारखी. ऋताला आलं असेल का दूध? हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कुणाला विचारणार होत्या.

“पण त्याचा अर्थ काय?” त्यांनी जाईला विचारलं. “भुंगा?”

“भुंगा संस्कृतमध्ये. ग्रीकमध्ये वेगळा आहे.” जाईनं काहीतरी खाली सरकवलं, वाचलं. “थांबणारा. थांबून राहणारा माणूस. मागे न हटणारा, वाट बघणारा, असं सगळं आहे त्यात.”

“थांबणारा,” मथुराबाई म्हणाल्या आणि नाकातून हसल्या. “नाव थांबणारा आणि पाय विमानात. थांबला कुठं तो?”

जाईनं या वेळी मान वर केली. “थांबलाय की, आजी. बुकित बातोकला, त्याच फ्लॅटमध्ये. सगळे कुठून कुठे गेले, आम्ही तीन घरं बदलली. त्याला सिडनीचा जॉब आला होता, डबल पगार. नाही म्हणाला. मामी किती चिडली होती. तो का नाही म्हणाला कुणालाच कळलं नाही.”

मथुराबाईंनी थाळी खाली ठेवली. साताऱ्याचा एसटी स्टँड. उन्हाळा. पोर सहा वर्षांचं असेल. माहेरी निघाल्या होत्या आणि पिशवी विसरली दुकानात, चपला घेतल्या होत्या तिथे. स्टँडवर एक दगडी खांब होता, त्याला पाणपोई टेकलेली. “हलायचं नाही. थांब इथं, आले मी,” असं म्हणून त्या गेल्या. दुकानात पिशवी नव्हती, दुकानदार म्हणाला बघितलीच नाही, आणि मथुराबाईंची जीभ. शब्दानं शब्द वाढला, माणसं जमली, मग पिशवी शेजारच्या हॉटेलात सापडली, मग तिथून निघताना नणंद भेटली, तिच्याशी जुनं भांडण होतं ते तिथेच रस्त्यात पुरं करावं लागलं. परत आल्या तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. गाड्या आल्या होत्या, गेल्या होत्या, स्टँडवरची सगळी माणसं बदलली होती. पोर खांबाशी तसंच होतं. चड्डी भिजून वाळलेली. पाणपोई हाताला लागेल इतकी जवळ आणि ओठ सुकलेले. “अरे, पाणी तरी प्यायचं,” त्या ओरडल्या होत्या, भीतीनं, आणि एक फटकाही दिला होता. ते म्हणालं, “तू हलायचं नाही म्हणालीस.” ते रडलं नाही. त्याच्याकडे बघून कुणाला वाटलं नसतं की ते कुणाची वाट बघतंय. ते नुसतं होतं, खांबासारखं. त्या पोराला थांब म्हणायचं जपून, हे त्यांना त्या दिवशी कळलं होतं. मग केव्हातरी त्या विसरल्या.

“जाई,” त्या म्हणाल्या, “त्या बुकित बातोकचा अर्थ काय गं? तुमच्याकडे सगळ्याला अर्थ असतो.”

“मलेमध्ये बुकित म्हणजे टेकडी. बातोक म्हणजे खोकला, असं लोक म्हणतात. खोकणारी टेकडी.”

“ऊठ. चप्पल घाल.”

“कुठे?”

“टेकडीला खोकला झालाय म्हणतेस ना. बघून येऊ.” त्यांनी संजीवनीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांतले मूठभर लाडू एका डब्यात भरले. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं नाही. मग ते दार कुणाचंही असो. जाईनं चप्पल इतक्या पटकन घातली की मथुराबाईंना वाटलं, हिचं हे नावांचं कॉलेजचं काम खरंच कॉलेजचं आहे की नाही.

बिशानच्या स्टेशनवर फलाटालाही काचेची दारं. वर कुणी अदृश्य बाई आळीपाळीनं चार भाषांत काहीतरी सांगत असते. त्यातलं एक वाक्य मथुराबाईंना पहिल्या दिवसापासून समजत आलं होतं. बरं, हाती हाती. म्हणजे हाताला धरून जा, असंच असणार. जाई म्हणते, तो मले शब्द आहे, सांभाळून असा त्याचा अर्थ. मथुराबाईंना दोन्हींत फरक दिसत नव्हता. त्यांनी जाईचा दंड धरला. गाडी तीच, तांबड्या रेघेची. ती बेटाला वरून वळसा घालून बुकित बातोकला जाते, गाडी बदलावीसुद्धा लागत नाही, हे त्यांना इथे आल्याच्या दुसऱ्या दिवशी संजीवनीनं, कुणी विचारलं नसताना, सांगून ठेवलं होतं. बाहेर सारख्याच इमारती, प्रत्येकीच्या अंगावर मोठा आकडा, खिडक्यांतून काठ्यांवर वाळणारे कपडे. समोरच्या बाकावर एक चिनी म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन पेंगत होती. तिचंही कुणी दूर राहत असेल. या गाडीत बसलेला प्रत्येक माणूस कुणाच्या तरी तोंडातलं नाव आहे, आणि गाडी भरून नुसती नावंच चाललीत, घासून घासून मूळचं काही उरलेलं नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं आणि लगेच गेलंही. त्यांना अशा विचारांची सवय नव्हती.

“त्या पोरीचं नाव कसं म्हणतात?” त्यांनी विचारलं. “नीट म्हण.”

“थालिया.”

“थाळिया.”

“ल, आजी. ळ नाही. लसणाचा ल.”

मथुराबाईंनी जीभ उचलली. ळ आपसूक येतो, टाळूवर पालथा पडतो, माखलेल्या हातासारखा. ल साठी जिभेला पुढे दातांपर्यंत जाऊन उभं राहावं लागतं. तोच ल त्या दुसऱ्या नावात मधोमध होता. त्यांनी ओठ मिटून, आवाज न करता, आतल्या आत तो एकदा लावून पाहिला. जीभ दातांना टेकली आणि तिथेच राहिली. “त्याचा अर्थ काय?” त्यांनी मग विचारलं. दहा वर्षांत पहिल्यांदा. “बहरणारी,” जाई म्हणाली. “तेही ग्रीकच आहे.”

वुडलँड्स गेलं, क्रांजी गेलं. गाडी जमिनीवरून चालली होती, हिरवं गवत, हिरवी झाडं, कुठे धूळ नाही. गुडघे दुखत होते. परत फिरावं असं दोनदा वाटलं. आपण जायचं, आणि तिकडे दार लावून घेतलं तर? त्यांनी जन्मात कुणाच्या दारात मान खाली घातली नव्हती. रविकांतरावांच्या आजारपणातही नाही. आणि राजा असून मान लववायला लाजायचा नाही म्हणे. राजाला परवडतं. ज्याच्याकडे बाकी काहीच नसतं त्यानं मान कुठे खर्च करायची.

इमारतीखाली मोकळ्या जागेत दगडी टेबलावर दोन म्हातारे सोंगट्यांसारखं काही खेळत होते. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर लांब व्हरांडा लागला. एका दारासमोर तांबड्या देव्हाऱ्यात उदबत्ती, दुसऱ्यासमोर सायकल. चौथ्या दारासमोर कुंडीत तुळस, आणि चपलांच्या मांडणीवर एक मोठी जोडी, टाचा बाहेरच्या बाजूनं झिजलेल्या. लहानपणापासून तसाच चालतो. मथुराबाई जाईला म्हणाल्या, “तू इथं लिफ्टपाशी. पुढं यायचं नाही,” आणि डबा छातीशी धरून एकट्या निघाल्या.

लोखंडी जाळीचं दार बंद, आतलं लाकडी उघडं. बेल वाजवायच्या आत आतून एक मुलगी आली. शाळेच्या गणवेशात, केसांच्या दोन पोनी, एक सैल झालेली. तिनं जाळीतून पाहिलं.

“हू यू लुकिंग फॉर, आंटी?”

ऐकलेलं कळलं नाही, पण कुणालाही दारात हेच विचारतात. मथुराबाईंना तिच्या कपाळावर केस वळतात ती जागा दिसली, थेट बापासारखी. “तुझं नाव काय?” त्या म्हणाल्या.

मुलीला तेवढं मराठी समजत होतं. ती थोडी मागे सरकली, आणि ज्यांना ते नेहमी करावं लागतं तशा कंटाळलेल्या सावधपणानं म्हणाली, “थालिया. नॉट थाळी, ओके? मराठी मंडळात सगळे थाळी म्हणतात. म्हणून मी जात नाही.”

चार बायकांचं हसणं इतकी वर्षं इतका समुद्र ओलांडून चालत आलं होतं, आणि या पोरीच्या आधी गणपतीला जाऊन बसलं होतं.

“थालिया,” मथुराबाई म्हणाल्या. जीभ पुढे गेली, दातांना टेकली. “थालिया.” मुलीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. बरोबर म्हटलं गेलं होतं.

“यू आर हू?” तिनं विचारलं.

आजी म्हणायचा हक्क असा आयता उचलता येत नाही. मथुरा म्हणून उपयोग नव्हता, यमू म्हणून तर मुळीच नाही. आयुष्यभर त्यांना जे काही नाव होतं ते कुणीतरी तांदळात लिहिलेलं. एकच असं होतं की जे त्यांनी स्वतः ठेवलं आणि त्यामागोमाग आपोआप त्यांनाही एक नाव मिळालं, जे कुणी लिहिलं नव्हतं. ते सांगायला आधी दुसरं घ्यावं लागत होतं.

“सांग आत,” त्या म्हणाल्या, “मिलिंदची आई आलीय.”

“मिलिंद?” मुलगी म्हणाली. “पा? ऑफिसमध्ये सगळे त्याला मिल म्हणतात. पा इज ऑन अ कॉल, लाह.”

तेव्हा मथुराबाईंनी डबा खाली ठेवला, जाळीचे गज दोन्ही हातांनी धरले आणि हाक मारली; साताऱ्याच्या त्या स्टँडवर, बदललेल्या माणसांच्या गर्दीवरून, दुरूनच खांब दिसायच्या आधी मारली होती तशी, सगळ्या छातीतून.

“मिलिंद. अरे मिलिंद.”

आत कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं ते तुटलं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. पाऊल वाजलं नाही, शब्द नाही. मुलगी आळीपाळीनं आत आणि बाहेर बघत होती. मथुराबाईंना भिंतीपलीकडचं काही दिसत नव्हतं, पण त्यांना माहीत होतं तो कसा उभा असेल. जागचा न हलता. थांब म्हटलेल्या जागी, ओठ सुकलेले, आणि पुढचा शब्द कुणी म्हटल्याशिवाय एक पाऊल टाकणार नाही.

“आले मी,” त्या म्हणाल्या.